उभ्याची माणसं

भाजीची पिशवी घेऊन दैवशाला बागेच्या कोपऱ्यावर वळली आणि आपल्या बापाची नाव तिला हवेत लोंबकळताना दिसली. क्रेनला साखळदंड होता आणि साखळदंडाला ती नाव. तोंड वर, शेपूट खाली, पोटाला गंगेचा, म्हणजे गोदेचा, गाळ तसाच वाळून बसलेला. खाली पाच-सात माणसं हात वर करून ‘सावकाश, सावकाश’ ओरडत होती. क्षणभर तिला ती ओळखूच आली नाही. नावेला खालून बघायची वेळ माणसावर येते कशाला? नाव म्हणजे वरून पाय टाकायचा, बसायचं, पलीकडं उतरायचं. तिचं पोट कसं आहे ते पाण्याला ठाऊक. मग डाव्या अंगाला, सागाच्या फळ्यांत बसवलेलं बाभळीचं ठिगळ दिसलं. ते ठिगळ बसलं तेव्हा ती दुसरीत होती आणि चुलीवरची राळ ढवळायचं काम तिच्याकडं होतं. राळेचा आणि जवसाच्या तेलाचा वास नाकात असा काही भरला की पिशवीतल्या मेथीचाही वास येईना. शेजारी रिक्षा थांबवून उभा असलेला एकजण म्हणाला, “काय व्हय ते?” दुसरा म्हणाला, “जहाज हाय जहाज. परभणीला समिंदर आणायलेत आता.” आजूबाजूचे हसले. दैवशालाही हसली, आणि हसल्याबद्दल तिला लगेच स्वतःची चीड आली. बागेत सिमेंटचा एक चौथरा बांधून त्याला निळा रंग दिला होता, निळ्यावर पांढऱ्या लाटा काढल्या होत्या, आणि त्या लाटांवर नाव उतरवायचं काम चाललं होतं. फाटकावर कापडी फलक होता: ‘गोदाकाठ वारसा मंडळ’. तिनं तो दोनदा वाचला. शाळेत शिकवणाऱ्या बाईला वाचायला इतका वेळ लागू नये, पण लागला.

घरी आली तेव्हा तिचा बाप सटवाजी ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसला होता. आई गेल्यापासून तो तिच्याकडंच होता. जावयाच्या घरी राहणं म्हणजे काय ते तो रोज एकदा सांगायचा आणि मग दोन्ही वेळा पोटभर जेवायचा. ती म्हणाली, “आबा, आपली नाव बागेत आणलीय.” तो म्हणाला, “आली का? म्हणला व्हता, आज आणतो मनून.” “कोण?” “नागनाथ. लिंबाजीचा नागनाथ. आल्ता की मागल्या हप्त्यात, तू साळंत व्हतीस.” “आणि तुमी दिली?” “मागितली, दिली. घाटावर पडून काय करायली व्हती? पूल झाल्यापासून कुत्रं बी इचारत न्हाई तिला. च्या पिऊन गेला. लय गुणाचं पोरगं.” एवढं बोलून त्यानं पाठ थोडी उन्हाकडं सरकवली. दैवशाला मेथीची जुडी सोडत तिथंच उभी राहिली. लिंबाजीचं नाव घरात सोळा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. तिनं घेतलं नव्हतं, आईनं मरेपर्यंत घेतलं नव्हतं, आणि बापानं आज असं घेतलं की जणू लिंबाजी काल बाजारात भेटला होता.

लिंबाजी पल्याडच्या गावचा, बौद्धवाड्यातला. तिच्या माहेराच्या, सावरगव्हाणच्या समोर, गंगेच्या त्या तीराला. अंबाडीचे दोर वळावेत तर लिंबाजीनंच. नावेचा दोर, लंगराचा दोर, फळ्यांच्या सांध्यांत ठोकायची अंबाडीची वात, सगळं त्याच्याकडून यायचं. त्याचा मुलगा नागनाथ आता परभणीत कॉलेजात इतिहास शिकवतो. दैवशालाला तो बाजारात, बँकेत, स्टेशनवर दिसायचा आणि प्रत्येक वेळी ती रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूनं जायची. त्यानं तिला कधी काही म्हटलं नव्हतं. म्हणणार काय? तिनं तरी काय केलं होतं? काही केलं नव्हतं हेच तर ती सोळा वर्षं स्वतःला सांगत होती, आणि खरं असूनही ते सांगावं लागत होतं.

तरीचा, म्हणजे माणसं नदीपार करणाऱ्या नावेचा, एक कायदा होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण निजामाच्या काळापासून चालत आलेला. पलीकडच्या तीरावर माणूस आला की त्यानं ओंजळ तोंडाशी धरून नावाड्याला नावानं हाक मारायची: “सटवाजी होऽऽ!” नावाड्यानं “आलो जी!” म्हणायचं आणि नाव सोडायची. पाटलाचा माणूस असो, वाणी असो, मानवतच्या बाजाराला कापसाची बोचकी घेऊन निघालेला कुणबी असो, हाक आली की भाकरी अर्धी टाकून बाप उठायचा. पण सगळ्यांनी हाक मारायची नसे. बौद्धवाड्यातली, मांगवाड्यातली माणसं खालच्या अंगाला जांभळीपाशी नुसती उभी राहत. दुसऱ्या कुणाची हाक येईस्तोवर उभी. हाकेची नाव आली की सगळे चढल्यावर त्यांनी चढायचं आणि शेपटाला, जिथं नावेत झिरपलेलं पाणी साठतं तिथं, पाण्यात पाय घालून बसायचं. घरी बोलताना बाप त्यांना ‘उभ्याची माणसं’ म्हणायचा आणि बाकीच्यांना ‘हाकेची माणसं’. त्यात शिवी नव्हती. ज्वारी आणि गहू म्हणावं तसं तो ते म्हणायचा. एकदा, दैवशाला सहा-सात वर्षांची असेल, सकाळपासून जांभळीखाली एक बाई कडेवर तापलेलं लेकरू घेऊन उभी होती. बाजाराचा दिवस नव्हता, दुपारपर्यंत कुणी हाकेचं आलं नाही. दैवशालानं विचारलं, “आबा, ती ओरडत कामून न्हाई?” बाप म्हणाला, “तिची हाक तरीला चालत न्हाई, बाई.” “मंग तुमीच जा की.” “उभ्यासाठी नाव सोडली तर उद्या हाकेला मान काय राहिला?” भोयाचं घर ते. पाटलाच्या वाड्यावर बापाला भाकरी मिळायची ती ओसरीच्या खालीच, हातावर. त्याचा अभिमान तेवढाच होता, की हाकेला आपण उठतो आणि हाक आल्याशिवाय उठत नाही. माणसाला खाली बघायला कुणीतरी लागतं. बापाला जांभळीखालची माणसं होती.

आणि मग अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव पेटापेट सुरू झाली. दैवशाला पंचमीला माहेरी आली होती. दोन दिवस पल्याड काहीतरी शिजतंय असं माणसं बोलत होती. तिसऱ्या प्रहरी ती माळवदावर वाळवण गोळा करायला चढली आणि नदीपलीकडं धूर दिसला. काडाचा धूर पिवळसर असतो, हा काळा होता. घरं जळतात तेव्हा त्यात कपडे असतात, गोधड्या असतात, तेलाची मडकी असतात. मग आवाज आला. आधी नुसता गलका, आणि मग गलक्यातून वर, स्वच्छ, एका सुरात: “सटवाजीमामा होऽऽ! नाव आणा होऽऽ!” बाईचा आवाज होता, मग पुरुषाचा, मग अनेकांचा. पाणी चढलेलं होतं, पण नाव लागणार नाही इतकं नव्हतं. आदल्याच दिवशी त्याच पाण्यातून बापानं पाटलाची लेक पंचमीला आणली होती. ती जिन्याकडं धावली तर आईनं दाराला कडी घालून पाठ लावली. “घरात बस. पाटलाचा सांगावा हाय, कुणी घाटाकडं जायचं न्हाई.” “आणि आबा?” “ते घाटावरच हायेत.” हाका किती वेळ येत राहिल्या ते तिला सांगता आलं नसतं. मग त्या थांबल्या. संध्याकाळी बाप आला, धोतर कोरडं. वल्हं कोपऱ्यात उभं केलं. “पल्याड जाळपोळ झाली मनं,” तो म्हणाला. आई म्हणाली, “हाका मारत व्हते.” बाप म्हणाला, “गंगेचा आवाज लय व्हता. मला काय ऐकू आलं न्हाई.” दोन दिवसांनी कळलं की बाकीची माणसं ज्वारीच्या रानातून पळाली, काही मार खाऊन वाचली. लिंबाजी मात्र नाव आपणच घेऊन येतो म्हणून पाण्यात शिरला होता. तो खाली सात-आठ कोसांवर सापडला.

ऐकू आलं नाही. या तीन शब्दांवर दैवशालानं सोळा वर्षं काढली. दिवसा तिचा त्यांच्यावर विश्वास बसायचा, पुरात गंगा गर्जतेच की. पण मग वाटायचं, आवाज पाण्यावरून जातो तसा कशावरूनच जात नाही. पलीकडच्या तीरावर कुणी खोकलं तर घाटावर कळायचं. तिला माळवदावर ऐकू आलं, गावाच्या आत, पाण्यापासून एवढं लांब, आणि त्याला पाण्याच्या कडेला बसून नाही? परभणीत आल्यावर तिला एक खोडच लागली. कुठलाही लांबचा आवाज आला की तो कुठून आला असेल, मध्ये किती घरं, वारा कुठला, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचा. स्टेशनवरची गाडीची घोषणा, मशिदीतली बांग, भंगारवाल्याची आरोळी. वर्गात मागच्या बाकावरचा पोरगा कुजबुजला तरी ती म्हणायची, “ऐकू आलं बरं मला,” आणि पोरं दचकायची. नवरा म्हणायचा, कान आहेत का काय आहेत तुझे. बाप राहायला आल्यावर तर तिनं त्याची परीक्षाच घेतली. त्याच्या पाठीमागं हळूच वाटी ठेवली, त्यानं मान वळवली. स्वयंपाकघरातून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “आबा, च्या,” आणि तो ओट्यावरून म्हणाला, “आलो.” दूधवाल्याची सायकल गल्लीत वळायच्या आधी तो भांडं घेऊन उभा असायचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कान इतके तल्लख असावेत याचा लेकीला आनंद व्हायला हवा. ती मात्र दर वेळी माळवदापासून घाटापर्यंतचं अंतर मनात पुन्हा मोजायची. थेट विचारायचं धाडस तिनं कधी केलं नाही. विचारलं आणि तो ‘न्हाई’ म्हणाला तर तिचा विश्वास बसणार नव्हता, आणि ‘हो’ म्हणाला तर त्याला रोज जेवायला वाढायचं कसं?

मंडळाचे अध्यक्ष बन्सीधर वकील दुसऱ्या दिवशी घरी आले. उत्साही माणूस, कपाळावर घाम, हातात पेढ्यांचा पुडा. विद्यापीठाचा नामविस्तार होऊन महिना झाला होता, गावात पोलिसांच्या गाड्या कमी झाल्या होत्या, आणि अशा वेळी जुनं, चांगलं, सगळ्यांना एकत्र आणणारं काहीतरी लोकांपुढं यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते मनापासून होतं हीच तर अडचण होती. “कोकणात बघा, बंदरं जपतात, गलबतं जपतात. आपल्याकडं समुद्र नसेल, पण गंगा आहे की नाही? नाव, जाळं, दोर, भोई, बुरूड, हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत संपायलंय, ताई.” दैवशालाच्या मनात आलं, नाव चालत होती तेव्हा वकीलसाहेब तिच्यात एकदा तरी बसले असतील का? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. पण ती म्हणाली, “चहा ठेवते.” बन्सीधर सटवाजीला म्हणाले, “आबा, रविवारी तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं. आणि तुम्ही दोन शब्द बोलायचे. चौथऱ्यावर संगमरवरी पाटी लावणार आहोत, त्यावर तुमचंच एखादं वाक्य कोरू.” सटवाजीनं लेकीकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारा खूश झाला होता, बस. लहान पोराला नवं बंडी-धोतर मिळावं तसा खूश. पाटलाच्या ओसरीखाली बसलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वर बोलावत होतं, आणि तिला ते सहन होत नव्हतं, आणि सहन होत नाही म्हणून आपण वाईट लेक आहोत असंही वाटत होतं.

रविवारी बागेत मांडव होता. एका कोपऱ्यात एक म्हातारी जाळं विणायला बसवली होती, दुसऱ्या कोपऱ्यात एकजण दोर वळत होता. त्याच्यासमोर अंबाडी नव्हती, दुकानातली नायलॉनची सुतळी होती. तो तीच उलगडून पुन्हा वळत होता आणि शाळेची पोरं रांगेनं बघून जात होती. नावेला व्हार्निश लावलं होतं. एवढं चकचकीत व्हार्निश की जवळ गेल्यावर तोंड दिसावं. दैवशाला तिसऱ्या रांगेत बसली. व्यासपीठावर बापाच्या शेजारची खुर्ची नागनाथची होती. पांढरा शर्ट, कानशिलांवर लवकर पिकलेले केस, चेहऱ्यावर काही नाही. शाल पांघरून झाली, नारळ दिला, टाळ्या झाल्या, आणि बन्सीधरांनी ध्वनिक्षेपक बापाच्या तोंडापुढं धरून विचारलं, “आबा, आज सगळीकडं जातीपातीची भाषा चाललीय. तुमच्या नावेत जातपात होती का हो?” दैवशालानं मान खाली घातली. मनातल्या मनात ती म्हणत होती, गप बसा आबा, ‘आठवत न्हाई’ म्हणा, म्हातारपण आहे, काहीही म्हणा. सटवाजी मोठ्या, मोकळ्या, घाटावरच्या आवाजात म्हणाला, “गंगंवर कसली आलीय जात, साहेब? आपला एकच कायदा. जो हाक मारील त्याला आणायचं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बन्सीधरांचे डोळे भरून आले. “हेच! हेच वाक्य पाटीवर!” ते ओरडले. दैवशालाला वाटलं, उठावं आणि बाहेर जावं, पण ती बसूनच राहिली. आणि खरं सांगायचं तर तिला धक्का बसला तो बाप खोटं बोलला म्हणून नाही. त्याचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. तो खोटं बोलताना डोळे बारीक करतो. चोरून बिडी ओढल्यावर करतो. आत्ता ते उघडे, स्वच्छ होते. मग नागनाथ उठला. आता हा बोलणार, ती मनाशी म्हणाली, आणि तिच्या छातीत भीतीबरोबर एक सुटकाही दाटली, की चला, एकदाचं कुणीतरी बोलणार. नागनाथ म्हणाला, “मी पलीकडच्या तीराचा. सटवाजीमामांनी सांगितलं ते मी लहानपणापासून पाहिलंय. त्यांच्या बोलण्यातला शब्दन् शब्द खरा आहे.” एवढंच बोलून तो खाली बसला. पुन्हा टाळ्या. सटवाजीनं शेजारच्या खुर्चीकडं वळून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

दुपारी मांडव रिकामा झाला. बन्सीधर सटवाजीला आपल्या मोटारीतून घरी सोडायला गेले होते. दैवशाला मागं राहिली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. नागनाथ नावेपाशी उभा होता, फळीवर हात ठेवून. या वेळी ओलांडायला रस्ता नव्हता. “ताई,” तो म्हणाला, “बसा की सावलीत.” ती बसली नाही. “तुमी खोटं कामून बोललात?” तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “खोटं?” नागनाथ म्हणाला. “जो हाक मारील त्याला आणायचं, हे खरं नाही का? आम्ही कुठं हाक मारायचो? जन्मात एकदाच मारली.” ती नावेकडं बघत राहिली. तो म्हणाला, “नाव इथं आणायची कल्पना कुणाची, माहीत आहे? वकीलसाहेबांना वाटतं, त्यांची. वाटू दे. त्यांच्या कानावर ती मी घातली, वर्षभर थोडी थोडी.” “कामून?” “घाटावर होती तेव्हा दर पावसाळ्यात गंगा तिला भिजवायची. तिथं तिला आणखी पन्नास वर्षं काही झालं नसतं. उन्हाळ्यात मामा तिला डोहात दगड भरून बुडवून ठेवायचे, आठवतं? ते दगड माझ्या बापानं वाहिलेत. मी बी वाहिलेत. नाव पाण्याबाहेर राहिली की मरते, ताई. आता हिच्यावर पत्र्याचं छप्पर घालणार आहेत, पाऊस लागू नये म्हणून.” तो हसला. हसताना तो एकदम लिंबाजीसारखा दिसला आणि दैवशालाला खाली बघावं लागलं. “मी काय केलं? काहीच नाही. जतन केलं. माझा वर्ग त्या समोरच्या इमारतीत आहे. मे महिन्यात फळी फाटते तेव्हा आवाज होतो. मला तो ऐकायचाय.”

एक माळी येऊन हार गोळा करून गेला. मग दैवशाला म्हणाली, “आबांना हे कळत न्हाई असं वाटतं तुमाला?” “तेच बघायला गेलो होतो तुमच्या घरी. म्हटलं, नाव मागतो. ती कोरडी ठेवणार म्हटल्यावर काहीतरी बोलतील, रागावतील, एखादं विचारतील. काही नाही. ने बाबा, म्हणाले. चहा दिला स्वतःच्या हातानं.” नागनाथनं फळीवरचा हात काढला आणि रुमालानं पुसला. “चहा झाल्यावर म्हणाले, कप तेवढा इसळून ठेव. विसळला. कॉलेजात पोरांना मी समतेचा इतिहास शिकवतो, आणि नळाखाली कप धरून उभा होतो. हात आपोआप गेला हो.” दैवशालाला त्या दिवशीचा कप आठवला, पालथा, स्वच्छ, ओट्यावर वेगळा ठेवलेला. तिनं तोच उचलून स्वतःसाठी चहा घेतला होता. “मला एकच विचारायचं होतं,” नागनाथ म्हणाला, “त्या दिवशी ऐकू आलं होतं का नाही. सोळा वर्षं ते एकच. पण समोर म्हातारा माणूस बसलेला, तोंड उघडेना. तुम्ही विचारा. तुम्हाला सांगतील. मला मात्र सांगू नका, ऐकू आलं नव्हतं असं असेल तर माझं फार नुकसान होईल.” असं म्हणून तो गेला. जाताना त्यानं वळून नमस्कार केला, नीट, दोन्ही हात जोडून.

घरी आली तेव्हा बाप अंगावर शाल घेऊनच बसला होता. एवढ्या उन्हात शाल. नवरा कामानिमित्त मानवतला गेला होता, घरात दोघंच. तिनं ताट वाढलं. भाकरी, वरण, मेथीची भाजी. सटवाजी मजेत होता. “नागनाथ लय चांगलं बोलला. मोठ्या मनाचं पोरगं. बापावर गेलं. वकील मोटारीत म्हणायले, पाटी मुंबईच्या टीव्हीवर दाखवू मनून.” त्यानं भाकरी मोडली. दैवशाला समोर बसली. तिला वाटलं होतं, विचारताना आवाज कापेल, पण तो वर्गात प्रश्न विचारावा तसा सरळ आला. “आबा, त्या दिवशी लिंबाजीची माणसं ओरडायली, ते तुमाला ऐकू आलं व्हतं का?”

सटवाजीनं घास चावून गिळला. डोळे बारीक केले नाहीत. “आता तुझ्यापासून काय लपवायचं,” तो म्हणाला. “तुजी आई उगं घाबरली असती मनून तसं म्हणलो व्हतो. आलं की ऐकू. पाण्यावरून का ऐकू येत न्हाई? लय ओरडायले बिचारे.”

“मंग?”

“मंग काय. पाटलाचा सांगावा आला व्हता, जायचं न्हाई मनून. मी म्हणलं, पाटील गेला उडत, लेकरंबाळं हायेत तिथं. नाव तयार केली. दोर सुटा केला, वल्हं घेऊन नावंत बसलो. लिंबाजी पाण्यात उतरला ते बी दिसलं मला. म्हणलं, थांब की गड्या, कशाला घाई करतूस, बसलोय की मी तयार.”

दैवशालाच्या कानांत काहीतरी गच्च झालं, कसलाच आवाज येईना, नळाचाही नाही, बाहेरच्या रस्त्याचाही नाही. बाप नावेत बसला होता. वल्हं हातात होतं, दोर सुटला होता, पाटलाला त्यानं जुमानलं नव्हतं. म्हणजे तिचा बाप भित्रा नव्हता. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, तिला इतकं हलकं वाटलं की रडू यायला लागलं.

“तयार व्हतात,” ती म्हणाली, “मंग वाट कशाची बघायलात, आबा?”

सटवाजीनं तिच्याकडं पाहिलं. नावाड्याच्या लेकीनं हे विचारावं याचं त्याला खरंच नवल वाटलं असावं.

“हाकेची,” तो म्हणाला, आणि आणखी वरण वाढ म्हणून त्यानं ताट पुढं सरकवलं.